चेंबरखालचा पेपर

ट्रकच्या गॅरेजमध्ये रोज दोन तास बसलं की किस्से आपोआप साचतात. इंजिनच्या तळाशी गाळ साचतो तसे. कुणी मुद्दाम टाकत नाही; एके दिवशी नट उघडला की कळतं, अरे, एवढं होतं होय आत.

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला, भानुदास मिस्त्रींचं जुन्या ट्रकांचं गॅरेज आहे. निवृत्तीनंतर गेली सहा-सात वर्षं मी तिथे जाऊन बसतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होतो. इंजिन ऑइल कशाकशाने खराब होतं, या विषयावर माझी पीएच.डी. आहे. हे मी गॅरेजमध्ये एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही.

हे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगितले आहेत, सकाळच्या फिरायच्या मंडळींना सांगितले आहेत. लोक हसतात. पण हल्ली सांगताना मी मध्येच अडखळतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास मिस्त्रींनी गॅरेज बंद करायचं ठरवलं. आपल्या बोटांनी आपल्याला दगा दिला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यात बोटांचा दोष किती आणि माझा किती, हे मला ठाऊक होतं. ते त्यांना सांगायला मला तीन महिने लागले.

* * *

पहिल्या दिवशी मी एक रिकामी काचेची बाटली घेऊन गेलो होतो. तीस वर्षं मी खराब ऑइलवर शिकवलं, पण माझ्याकडे ते नेहमी लेबल लावलेल्या बाटलीतून आलं. इंजिनातून ते बाहेर पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर वेळ रिकामा झाला आणि ही गोष्ट टोचायला लागली.

मिस्त्रींनी एका ट्रकखालून नुसतं डोकं बाहेर काढलं. "काय पायजे?"

"थोडं वापरलेलं ऑइल. बाटलीभर."

"दाराच्या बिजागरीला?"

"नाही, तपासायला. अभ्यास म्हणून."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "ह्या वयात कुठली परीक्षा हाय?"

तेव्हा मी पीएच.डी.चं सांगितलं. ते बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि समोरच्या ट्रकचं ऑइल बाटलीत भरून दिलं. देताना एक थेंब अंगठ्यावर घेतला, पहिल्या बोटाने चोळला, बोटं हळूच अलग करून उन्हात धरली. "पानी हाय ह्यात. लायनरच्या रबरातनं उतरतंय."

ज्याच्या आत पिस्टन वरखाली होतो ती नळी म्हणजे लायनर. तिच्या बाहेरून पाणी खेळतं, आणि ते पाणी खालच्या ऑइलमध्ये उतरू नये म्हणून तिला रबराची कडी असते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. तरी मी म्हणालो, "असू शकेल. पण बहुधा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नक्की काही म्हणता येणार नाही."

बाटली जुन्या ओळखीच्या लॅबला पाठवली. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: पाण्याचा अंश आढळला. मी तो घेऊन जवळजवळ धावतच गेलो.

मिस्त्रींनी कागद शेवटपर्यंत वाचला. "बरोबर हाय," ते म्हणाले. पेपर तपासून झाल्यावर मी वर्गात म्हणायचो, अगदी तसंच. "पन सर, ती गाडी रबर बदलून दोनदा मद्रासला जाऊन आली."

शेजारी रज्जाकचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याने त्या दिवशी माझं नाव 'बहुधा सर' ठेवलं. माझं प्रत्येक वाक्य म्हणे तिथूनच सुरू होतं. ह्यात अतिशयोक्ती होती. बहुधा.

* * *

सोपान राहुरीकडचा. वडिलांच्या मागे त्यांचा जुना ट्रक तो स्वतः चालवतो. पशुखाद्य भरतो, कधी कांदा भरतो. वडिलांनी ही गाडी मिस्त्रींशिवाय कुणाला हात लावू दिली नव्हती, आणि सोपानही ते पाळतो. केबिनमध्ये वडिलांचा फोटो आहे. गाडी सुरू करण्याआधी तो फोटोकडे बघतो, मग मिस्त्रींकडे.

एकदा तो फार खुशीत आला. "मिस्त्री, म्हातारी आता ऑइल खात न्हाई. उलट वाढतंय! महिना झाला, एक थेंब टाकला न्हाई, तरी ऑइल मोजायच्या पट्टीवर दोन बोटं वर हाय."

"गाय हाय का ती, पान्हा फुटायला?" मिस्त्री म्हणाले.

माझ्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा हा विषय. डिझेलच्या पंपाचं सील गेलं की डिझेल झिरपत ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल वाढल्यासारखं दिसतं, पण पातळ होतं आणि बेअरिंग खाऊन टाकतं. मी सोपानला समोर बसवलं आणि समजावून सांगायला लागलो. दाटपणा म्हणजे काय, तापमानाबरोबर तो कसा बदलतो, दोन पृष्ठभागांमध्ये ऑइलचा पातळ थर कसा टिकतो. मधे चहा येऊन गेला. रज्जाक दुकान उघडं टाकून ऐकायला आला होता, तो मध्येच परत गेला.

सोपानने सगळं मन लावून ऐकलं. शेवटी विचारलं, "मंग सर, हे बरं हाय का वाईट?"

"तसं एका वाक्यात सांगणं अवघड आहे. डिझेलचं प्रमाण किती, त्यावर..."

"वाईट," मिस्त्री ट्रकखालून म्हणाले, आणि चेंबरचा नट खोलला. इंजिनच्या पोटाशी असलेल्या ऑइलच्या तसराळ्याला तिथे सगळे चेंबर म्हणतात.

* * *

तव्याचा किस्सा आमच्या घरी अजून हसून सांगितला जात नाही.

ऑइलमध्ये पाणी आहे का हे बघायची एक सोपी परीक्षा असते. तापलेल्या पत्र्यावर, नाहीतर तव्यावर, थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतो, नसेल तर मुकाट पसरतो. मी हे मिस्त्रींना कितीदा सांगितलं होतं. ते दोन बोटं वर करून दाखवायचे. "माझा तवा हितं हाय."

मग साधारण दोन वर्षांपूर्वी एके दिवशी ते आपणहून म्हणाले, "सर, ते तव्याचं काय सांगत हुता?"

मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन कुमुदचा डोशाचा जाड तवा उचलून आणला. कुमुद म्हणजे माझी पत्नी. तिला विचारलं नाही. गॅरेजच्या स्टोव्हवर तवा तापवला, थेंब टाकला, तो खमंग तडतडला. मिस्त्री मान हलवत बघत राहिले. त्यानंतर प्रत्येक गाडीला तवा निघायला लागला. वर ते मलाही बोट लावायला सांगायचे. "बगा की सर, कसं लागतंय? पातळ हाय का?"

मी म्हणायचो, "पातळ वाटतं खरं, पण माझ्या बोटाला सवय नाही. माझ्यावर विसंबू नका."

 ते तवा पुन्हा तापवत.

घरी मी सांगत सुटलो: उतारवयात का होईना, एका अनुभवी माणसाला शास्त्र पटलं. कुमुदने ऐकून घेतलं. म्हणाली, "शास्त्राला आता तोच तवा राहू दे. मला नवीन आणा."

त्याच सुमाराची चहाची गोष्ट. टपरीवरून उकळता चहा काचेच्या ग्लासात यायचा. आम्ही ग्लास कडेला धरून, हात बदलत, फुंकर घालत प्यायचो. मिस्त्री मात्र ग्लास मुठीत घट्ट धरून बसायचे. रज्जाक नव्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. "बघा, पोलादी हात. ह्या हातानं खोललेलं इंजिन ऐकत न्हाई असं व्हतच न्हाई."

सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचे. मीही हसलो.

* * *

आता पेपरचं.

ऑइलमध्ये पाणी उतरतंय एवढं कळून भागत नाही. सहा सिलिंडरचे सहा लायनर; त्यांपैकी कुठल्यामधून ते शोधावं लागतं. त्यासाठी मिस्त्रींची स्वतःची रीत आहे. संध्याकाळी ते चेंबर उतरवून इंजिनचं पोट उघडं करतात. रेडिएटरच्या पाण्यात चिमूटभर नीळ टाकतात, कपड्यांना घालतात ती. रेडिएटरच्या तोंडाला झाकण बसवून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरतात. आणि इंजिनखाली त्या दिवशीचा पेपर पूर्ण उघडून अंथरतात. तो सहा सिलिंडरना जेमतेम पुरतो. रात्रभरात ज्या लायनरमधून पाणी ठिबकतं, त्याच्या बरोबर खाली सकाळी निळा डाग दिसतो. मग खात्री करायला मिस्त्री खालून हात घालून त्या लायनरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतात.

सकाळी रज्जाक हमखास विचारतो, "काय मिस्त्री, काय आलंय पेपरात?"

"चार नंबर," मिस्त्री म्हणतात.

काम झालं की त्या पेपरवर मालकाचं नाव आणि सिलिंडरचा आकडा लिहून ते घडी करतात आणि पत्र्याच्या पेटीत ठेवतात. गाडी कितीतरी वर्षांनी परत आली तरी जुना पेपर काढून बघतात. सोपानच्या वडिलांच्या वेळचे पेपरसुद्धा त्या पेटीत आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी सोपानची गाडी ह्याच आजाराने आली. पट्टीवरचं ऑइल दुधाळ, साईसारखं. संध्याकाळी मिस्त्रींनी पेपर अंथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचलो. शटर वर होतं, मिस्त्री चहा सांगायला गेले होते. मी खुर्चीवर बसलो. माझ्या सवयीचा पेपर त्या दिवशी घरी आला नव्हता. ट्रकखाली अंथरलेल्या पानावर मला शब्दकोडं दिसलं. कालचं होतं, पण माझं सोडवायचं राहिलं होतं.

मी वाकून पेपर ओढून घेतला. त्यावर निळा डाग होता, हे मला दिसलं. डाग टाळून, खिशातल्या पेन्सिलीने मी चार-पाच शब्द भरले. मिस्त्रींची चाहूल लागली तेव्हा पेपर पुन्हा खाली सरकवला आणि नीट, सुरकुत्या काढून अंथरला. नीटनेटकेपणा माझ्या अंगात आहे.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "पाच नंबर," ते म्हणाले. मग हात आत घालून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

सोपानला घाई होती. सगळे लायनर काढायला आठवडा गेला असता. पाच नंबरचा तेवढा काढून नवं रबर घातलं. जुनं रबर कडक झालेलं होतंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एरवी काम झाल्यावर मिस्त्री पुन्हा एक रात्र पेपर घालतात. सोपान म्हणाला, "मिस्त्री, माल भरायला उभा हाय. तुमचं बोट लागलंय, बास झालं."

* * *

गाडी करंजीच्या घाटात, भरलेली असताना, चढावर जाम झाली. सोपानने दगड लावून ती कशीबशी थोपवली. त्याला काही झालं नाही, हे मी आधी सांगून टाकतो. 

दुसऱ्या गाडीला बांधून त्याने ट्रक ओढत आणला. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं. चेंबरमध्ये ऑइल नव्हतंच, कॉफीसारखं काहीतरी होतं. बेअरिंग झिजून आतलं तांबं उघडं पडलेलं. मिस्त्रींनी एकेक लायनर काढून जमिनीवर ओळीने उभा केला. पाच नंबरचं रबर नवंकोरं, धडधाकट. दोन नंबरचं फाटलेलं.

मी ती ओळ बघत होतो. दोन आणि पाच. पुढून दुसरा, मागून दुसरा. पेपरचं पुढचं टोक मागे गेलं, तर दोनाखालचा डाग पाचाखाली येतो. मला हे कळायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. इतकी पटकन कुठलीच गोष्ट मला आयुष्यात कळली नाही.

सोपान शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, माझ्या बापाचा ह्या बोटांवर इस्वास हुता. बोटं म्हातारी झाली तुमची."

 कुणीतरी काही बोलायला हवं होतं. मी बोललो. म्हणालो, "बहुधा रबरच खराब निघालं असेल."

ज्या रबराबद्दल मी बोलत होतो ते त्या इंजिनातलं एकमेव चांगलं रबर होतं. रज्जाकने माझ्याकडे पाहिलं आणि तो दुकानात गेला.

सोपान गेल्यावर मिस्त्री पायरीवर बसले. आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिले. "सर, मी दोन नंबरला बी बोट फिरवलं हुतं. कोरडं लागलं." मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. डॉक्टर म्हनला, शुगर हाय. बोटं हायेत, पन झोपल्यात. कुनाला सांगितलं न्हाई. गिऱ्हाइकाला काय सांगनार?"

तेव्हा मला तवा आठवला. चहाचा मुठीत धरलेला ग्लास आठवला. 'बगा की सर, कसं लागतंय' आठवलं. त्यांना माझं शास्त्र पटलं नव्हतं. त्यांना एक बोट हवं होतं, आणि मी प्रत्येक वेळी ते आखडून घेतलं होतं.

"हे एक इंजिन सोपानला नीट करून देतो," ते म्हणाले. "मंग शटर खाली."

पेपरचं सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "शुगरला पथ्य महत्त्वाचं."

* * *

सोपानने गाडी तिथेच ठेवली. बोलून गेला होता खरा, पण बापाची गाडी दुसरीकडे न्यायला त्याचा पाय निघेना. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात ती जाड दांडी, घासायला गेली, सामान येत गेलं, तीन महिने असेच गेले.

त्या तीन महिन्यांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ते पान. त्यावर पेन्सिलीत माझं अक्षर होतं. मिस्त्री प्रत्येक गाडीचा पेपर पेटीत ठेवतात. म्हणजे सोपानचाही असणार. त्यांनी तो कधी ना कधी उघडला असता. मग रात्री वाटायचं, उघडला असेल. मग वाटायचं, उघडला असता तर बोलले असते.

एका दुपारी मिस्त्री जेवायला गेल्यावर मी पेटी उघडली. मी शिक्षक माणूस. दुसऱ्याची पेटी उघडण्याआधी रस्त्याकडे दोनदा पाहिलं. आत शेकड्याने पेपर. प्रत्येकावर नाव, आकडा, निळा डाग. सोपानच्या वडिलांचे तीन सापडले. सोपानचा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतले.

"काय सर," मागून रज्जाक म्हणाला. "रद्दी घालायची का?"

"नाही, नाही. एक जुनी बातमी शोधत होतो."

"घावली?"

"नाही."

"जुन्या पेपरात बातमी कशी घावंल सर," तो म्हणाला. "बातमी तर सगळ्यांना म्हाईत असती." आणि गेला.

मला त्याचं बोलणं तेव्हा नुसतंच खोचक वाटलं.

त्याच आठवड्यात त्याने प्लायवूडच्या एका मोठ्या फळीवर पाटी रंगवली: 'जागा भाड्याने देणे आहे.' अक्षरं शेवटी दाटीवाटीची झाली होती. मिस्त्रींनी ती भिंतीला टेकवून ठेवली. सोपानची गाडी बाहेर पडली की टांगायची होती.

* * *

हा शेवटचा. हा मी अजून कुणाला सांगितलेला नाही, कुमुदलाही अर्धाच सांगितला आहे.

सोपानचं इंजिन बसलं. चेंबर तेवढं लावायचं बाकी होतं. आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी पाण्यात नीळ टाकली, हवा भरली, पेपर अंथरला. ह्या वेळी पुन्हा चूक झाली तर दुसरी संधी नव्हती. गाडी दुसऱ्याच दिवशी न्यायला सोपान येणार होता, आणि पाटी भिंतीला उभी होती.

सकाळी मी गेलो. पेपरपासून चार पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मिस्त्री नट खोलायचे पाने पुसत होते.

"बसा की," ते म्हणाले.

माझी खुर्ची एका ठरलेल्या जागी असते. तिच्यावर पोत्याची घडी असते. मी बसलो आणि सांगायला लागलो. नीट सांगता आलं नाही. आधी त्या दिवशी घरी पेपर का आला नव्हता ते सांगितलं. मग कोड्याचं. मग डाग मला दिसला होता हे. मग पेपर परत ठेवताना कुठलं टोक कुठे होतं ते मी पाहिलं नाही, हे. दोन आणि पाचाचं गणित सांगितलं, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. मग म्हणालो, "बोटांचा दोष नव्हता, मिस्त्री. माझा होता. तुम्ही त्यापायी गॅरेज बंद करू नका."

मिस्त्रींनी शेवटचा पाना पुसून जागेवर ठेवला. माझ्याजवळ आले.

"उठा जरा."

मी उठलो. मला वाटलं, आता बाहेर जायला सांगतात. त्यांनी खुर्चीवरची पोत्याची घडी उचलली. तिच्याखाली एक पेपर होता, चार घड्या घातलेला, बसून बसून इस्त्री केल्यासारखा सपाट झालेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मी उघडला. निळा डाग. कोपऱ्यात 'सोपान', पुढे 'पाच', तो खोडून 'दोन'. मधे शब्दकोडं. माझे चार-पाच शब्द पेन्सिलीत. बाकीचे सगळे निळ्या बॉलपेनने, मोठ्या अक्षरात, चौकोनांच्या बाहेर आलेल्या काना-मात्रांसकट. कडेला काळ्या अंगठ्याचा ठसा.

"सात उभं तेवढं ऱ्हायलंय," मिस्त्री म्हणाले. "मला न्हाई आलं. रज्जाकला बी न्हाई."

तीन महिने मी रोज दोन तास त्या पेपरवर बसत होतो.

"तुम्ही सोपानला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.  "त्या दिवशी सगळ्यांसमोर तो बोलला, तेव्हा नाही तर नंतर कधी?"

मिस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं. भिंतीजवळ गेले. ती प्लायवूडची पाटी उचलली, अक्षरं जमिनीकडे करून पालथी पाडली आणि इंजिनखालचा पेपर बाजूला काढून तिथे सरकवली. पेपरवर एकही डाग नव्हता. मग पाटीवर उताणे झोपून आत सरकले, आणि थोडे कडेला झाले.

"या. दोघं मावतो."

माझं वय चौऱ्याहत्तर आहे. गुडघे वाकत नाहीत. मी चष्मा खिशात घातला आणि आधी बसलो, मग आडवा झालो, मग ढुंगणाने सरकत सरकत आत गेलो. वर पाहिलं. इंजिनच्या पोटात सहा गोल कडा ओळीने होत्या, मधून नवी घासलेली क्रँक चमकत होती. ज्या विषयावर मी तीनशे पानं लिहिली तो विषय मी खालून पहिल्यांदा पाहत होतो.

"पेपर कोरा हाय," मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले. "पन नुसत्या पेपरावर मी आता गाडी सोडनार न्हाई. तुमी बोट फिरवा. एक नंबरपासनं. ऑइल घसरतं, पानी थंड लागतं. फरक कळंल."

"मिस्त्री, माझ्या बोटाला सवय..."

"फिरवा."

मी हात वर केला. कडेवरून बोट गोल फिरवलं. सावकाश, दोनदा.

"एक?"

"कोरडं."

"दोन?"

दोनाला मी बराच वेळ घेतला. मिस्त्रींचा श्वास ऐकू येत होता.

"कोरडं."

तीन, चार, पाच. बाहेर सोपानचा आवाज आला. तो आला होता, आणि रज्जाकला विचारत होता की मिस्त्री कुठे आहेत. चार पाय ट्रकजवळ येऊन थांबले.

"सहा?"

"कोरडं आहे," मी म्हणालो. "सगळे कोरडे आहेत."

रज्जाकने वाकून खाली पाहिलं. आम्ही दोघं म्हातारे त्याच्या पाटीवर शेजारी शेजारी पडलेलो.

"बहुधा?" त्याने विचारलं.

 मिस्त्रींनी हात लांब करून चेंबर ओढून घेतलं.